पाटावरची मूठभर माती

आमच्या घरी एक पद्धत आहे. ती आमचीच आहे असं मुळीच नाही, पुष्कळ घरांत असेल. गणपतीचं विसर्जन करून परत येताना पाट रिकामा आणायचा नाही. नदीकाठची मूठभर वाळू किंवा माती त्यावर ठेवायची, ती घरी आणून जिथे गणपती बसला होता तिथेच ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, छोटी आरती करायची आणि मगच वाटली डाळ हातावर घ्यायची. लहानपणी जाताना गणपती अण्णांच्या हातात आणि येताना पाट माझ्या हातात, अशी वाटणी ठरलेली होती. शनिवार पेठेतून ओंकारेश्वरापर्यंतचा रस्ता तो केवढा! पण परतताना वाळू सांडू नये म्हणून मी असा काही जपून चालायचो की घरी पोचेपर्यंत हात भरून यायचे. ती वाळू अजून आठवते. काळसर, ओली, मधूनच शिंपल्याचा एखादा पांढरा तुकडा चमकणारी.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णांचे गुडघे तोवर संपावर गेले होते, त्यामुळे मूर्ती मी नेली. विसर्जन झालं. सवयीप्रमाणे वाकून काठाला हात घातला आणि मूठ वर काढली. मुठीत काय आलं? प्लॅस्टिकच्या पिशवीचा कान, थर्माकोलचे मणी, कुजलेल्या झेंडूचा लगदा आणि त्यात कुणाच्या तरी बाप्पाची चार बोटं. गुलाबी रंग दिलेली, नखंसुद्धा रेखलेली. मी ती मूठ तशीच पाण्यात सोडली. दोन-तीन ठिकाणी पुन्हा प्रयत्न केला, पण माती म्हणावी अशी माती काही हाती लागेना. रिकामा पाट नेण्याची हिंमत नव्हती. शेवटी रस्त्याच्या दुभाजकात लावलेल्या झाडांच्या वाफ्यातली मूठभर माती उचलली, पाटावर ठेवली आणि घरी आलो.

अण्णांनी चष्मा वर करून पाटाकडे पाहिलं. चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासलेला माणूस तो. "ही नदीची नाही," एवढंच म्हणाले. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी त्या मातीला हळदकुंकू वाहिलं, आरती केली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच काठी घेऊन दारात उभे. "रिक्षा बोलाव. मला नदी बघायचीय."

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची नदी ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी एकदा पाहावी. आदल्या दिवशी ढोल, गुलाल, रोषणाई सगळं पाहायला आपण जातोच. हे दुसरं दृश्य पाहायला कुणी येत नाही. मुठेचं पाणी खडकवासल्यातून सोडलं तर असतं आणि बंद केलं की ओसरतं. पाणी ओसरल्यावर काठाच्या गाळात मूर्ती उघड्या पडल्या होत्या. काही आडव्या, काही पाठमोऱ्या. रंग गेलेला, पण आकार शाबूत. एक कर्मचारी बिचारा टोपलीत तुकडे भरत होता. अण्णा कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. १९६१च्या जुलैत पानशेत फुटल्यावरची नदी त्यांनी पाहिलेली, त्यामुळे नदीचं वाईट रूप त्यांना नवं नव्हतं. पण तेव्हाची गोष्ट वेगळी. परत येताना रिक्षात म्हणाले, "उत्तरपूजा झाली की देव त्यात नसतो, हे मला कळतं रे. पण काल रात्री आपण त्याच्यापुढे हात जोडले होते ना?"

त्या वाक्यापाशी आमच्या घरातला हा सगळा उद्योग सुरू झाला.

मूर्ती विरघळली का नाही, याचं उत्तर शाळेतल्या रसायनशास्त्राइतकं सोपं आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. त्यात पाणी घातलं की तो अर्ध्या तासात पुन्हा दगडासारखा जिप्सम होतो, म्हणून तर साच्यात ओतायला तो इतका सोयीचा. हा जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम विरघळतो. म्हणजे बादलीभर पाण्यात तीस-पस्तीस ग्रॅम. दोन किलोची घरगुती मूर्ती पूर्ण विरघळायची तर हजारेक लिटर पाणी हवं, आणि तेही महिनोन्‌महिने वाट पाहायची तयारी असेल तर. जे विरघळतं ते पाण्याचा जडपणा वाढवतं, उरलेलं तळाशी बसतं. रंगांचं प्रकरण निराळंच. चकचकीत रंगांतल्या शिसं वगैरे धातूंचा ताप माशांना आणि पर्यायाने आपल्यालाच. याउलट शाडूची मूर्ती पाण्यात ठेवली की काही तासांत ढासळू लागते. शास्त्रात पार्थिव मूर्ती सांगितली आहे ती उगाच नाही. पार्थिव म्हणजे पृथ्वीची, मातीची. मातीतून आली, मातीत गेली, असा तो हिशोब होता. तो हिशोब आपण साच्यात ओतून मोडला आणि वर परंपरेचं नाव घेऊ लागलो.

आता इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो मी घाटावर उभा राहून शेकडो वेळा ऐकला आहे. "वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस नदीत सांडपाणी सोडता, ते दिसत नाही, आणि आमच्या बाप्पाच्या एका दिवसाने नदी घाण होते होय?" खरं सांगायचं तर हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. मुळा-मुठेच्या दुर्दशेचं मोठं कारण शहराचं मैलापाणी हेच आहे, आणि त्याला गणपतीपेक्षा आपले संडास-मोऱ्या जास्त जबाबदार आहेत. पण नदी आधीच आजारी आहे म्हणून तिच्या छातीवर आणखी एक दगड ठेवावा, हे कुठलं तर्कशास्त्र? शिवाय मैलापाण्याचं शुद्धीकरण मी एकटा करू शकत नाही. पाटावर काय ठेवायचं ते ठरवू शकतो.

मी घाटावर कसा पोचलो तेही सांगायला हवं. नदीवरच्या त्या सकाळीनंतर पुढच्या वर्षी निर्माल्य गोळा करणाऱ्या एका गटाबरोबर उभा राहिलो. वाटलं होतं, आपण लोकांना काही शिकवू. शिकवलं मला, कचरावेचक बायकांनी. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. विसर्जनाच्या दिवशी या बायका घाटाघाटांवर निर्माल्य वेगळं करत असतात. आपण निर्माल्य म्हणून जे आणतो ते त्यांच्यापुढे ओतलं की आपली खरी ओळख पटते. फुलं, दूर्वा, केवडा, शमी हे झालंच. पण त्यात उदबत्तीचे पुडे, कापराच्या डब्या, सुपाऱ्या, प्लॅस्टिकचे हार, फोटोची फुटकी चौकट, गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि एकदा तर औषधाच्या बाटल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एक मावशी न बोलता हात चालवत होत्या. मी वैतागून काहीतरी पुटपुटलो तेव्हा म्हणाल्या, "दादा, देवाच्या पिशवीत टाकलं की लोकांना पाप लागत नाही असं वाटतंय. फुलं माझ्याकडं, बाकीचं तिकडं. बोलत बसू नका, लाईन लागलीय." फुला-पानांचं खत होतं, ते बागांना जातं. २०१८च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून पांढरे मणी कमी झाले हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळे कायदे वाया जातात असं नाही.

घाटावर लोकांना "हौदात विसर्जन करा" म्हणणं सोपं नाही. महाराष्ट्रात हा विषय काही आजचा नाही. मूर्तिदानाची मोहीम अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या काळात नेटाने चालवली, तेव्हा कार्यकर्त्यांना कायकाय ऐकून घ्यावं लागलं ते त्या पिढीला विचारा. याच ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची हत्या झाली. विसर्जनाला त्या पुलाजवळून जाताना मला दर वर्षी ते आठवतं. आणि त्याच वेळी हेही दिसतं की ज्या गोष्टीसाठी शिव्या पडत होत्या ती आता गावोगावच्या पालिका मांडव घालून करतात. कोल्हापूरकरांनी तर पंचगंगेच्या बाबतीत कमाल केली. नदीत मूर्ती सोडण्याऐवजी मूर्तिदान करायचं आणि इराणी खणीत विसर्जन करायचं, हे तिथे आता अंगवळणी पडलं आहे.

आम्हा पुणेकरांना मात्र आमच्याच परंपरेतलं एक उत्तर दिसायला वेळ लागतो. मोठी मूर्ती दर वर्षी बुडवलीच पाहिजे, असं कुठे आहे? दगडूशेठ हलवाई गणपतीची मूर्ती कायमची आहे. भाऊसाहेब रंगारी गणपतीची मूर्ती तर सार्वजनिक उत्सवाच्या आरंभापासूनची. विसर्जन होतं ते लहान मूर्तीचं. म्हणजे थाटामाटाला धक्का न लावता नदीला वाचवण्याची युक्ती जुन्या मंडळींनी केव्हाच करून ठेवली आहे. आमच्या पेठेतल्या मंडळानेही काही वर्षांपूर्वी उंचीची स्पर्धा सोडून हाच मार्ग धरला. त्या बैठकीत किती आवाज चढले ते लिहीत नाही. शेवटी निर्णय झाला तो पर्यावरणाच्या भाषणाने नव्हे, दर वर्षी नवी मोठी मूर्ती घेण्याचा खर्च खजिनदाराने वाचून दाखवला म्हणून. कारण कुठलं का असेना!

मुंबईचं गणित वेगळं. तिथे समुद्र आहे, त्यामुळे "समुद्राला काय होतंय" ही भावना आहे. समुद्र रिकामा नसतो याची आठवण २०१३ साली गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी पुष्कळ भाविकांना दंश करून दिली होती. आणि भरती-ओहोटी कुणाच्या मिरवणुकीसाठी थांबत नाही हे २०२५च्या सप्टेंबरात दिसलं. एका सुप्रसिद्ध मंडळाची मूर्ती सकाळी चौपाटीवर पोचली, पण भरतीमुळे विसर्जन व्हायला रात्र उजाडली. त्याच वर्षी कायद्याची गाडीही बरीच पुढे सरकली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढून प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली होती. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये बजावलं. मूर्तिकार न्यायालयात गेले. मग राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल आला, आणि जूनमध्ये न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक देऊन नैसर्गिक जलाशयातल्या विसर्जनावर मात्र बोट ठेवलं. जुलैत ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावांतच करायचं.

मूर्तिकारांची बाजू मी ऐकली ती पेणजवळ, हमरापूरला. पेण, हमरापूर, जिते हा सगळा पट्टा वर्षभर गणपतींवर जगतो. एका कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि फळ्यांवर छताला टेकेपर्यंत रांगेत बसलेले पांढरेशुभ्र, डोळे न काढलेले गणपती. मालकांना मी माझ्या परीने नदीची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत होते, हात मात्र सोंडेच्या वळणावरून फिरत होता. मग म्हणाले, "साहेब, शाडूचा गणपती मला माझ्या वडलांनी शिकवलाय. मला नको का तो? पण पावसात तो वाळत नाही, ट्रकमध्ये तडकतो, आणि गिऱ्हाईक प्लॅस्टरच्या भावात मागतं. तुम्ही काय भावानं घेता?" मी गप्प झालो. कारण त्या वर्षापर्यंत आम्हीही दुकानात उभं राहून घासाघीसच करत होतो. शाडू काही कोकणात निघत नाही, तो मुख्यतः गुजरातेतून, भावनगरकडून येतो. प्लॅस्टरचा जिप्सम राजस्थानातला. आपल्या मातीचं म्हणावं ते फक्त या लोकांच्या बोटांतलं. तेव्हा त्यांना गुन्हेगार ठरवून मोकळं होण्याइतका हा प्रश्न सोपा नाही. बंदीची बातमी हंगामाच्या तोंडावर येते तेव्हा फळ्यांवर सहा महिन्यांचा माल आणि बँकेचं कर्ज बसलेलं असतं. मूर्तीची मागणी आदल्या दिवाळीत नोंदवली, आगाऊ चार पैसे दिले, थोडी लहान मूर्ती चालवून घेतली, तर शाडू परवडतो. हे मला त्यांनीच हिशोब करून दाखवलं.

आणि शाडू म्हणजे सगळंच सोवळं असंही नाही. हजारो मूर्तींचा शाडू एकाच घाटावर ओतला तर तोही गाळच. ही माती काही अमर्याद नाही. म्हणून विसर्जनानंतरचा शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना देण्याची 'पुनरावर्तन' नावाची मोहीम पुण्यात निघाली, ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कोलकात्याची दुर्गा पाहा. गवताचा सांगाडा, त्यावर गंगेची माती. विसर्जन झालं न झालं तोच क्रेन लावून सांगाडे पाण्याबाहेर काढतात. तिथे कुणाची श्रद्धा बुडाल्याचं ऐकलं नाही.

आता घरचं सांगतो. अण्णांना नदी नको होती आणि बादली त्याहून नको होती. "बादलीत? बादलीत आपण धुणं भिजवतो!" हे त्यांचं पालुपद दोन-तीन वर्षं चाललं. २०१६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय महापालिकेने लोकांपर्यंत आणला: अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात प्लॅस्टरची मूर्ती ठेवायची. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात तेच हे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मधूनमधून ढवळायचं, दोनेक दिवसांत मूर्तीचा चुना होतो आणि वरच्या पाण्यात उरतं ते अमोनियम सल्फेट, म्हणजे चक्क खत. त्या वर्षी आमच्या घरी प्लॅस्टरचीच मूर्ती होती, म्हणून प्रयोग केला. प्रयोग यशस्वी झाला, पण गॅलरीत अमोनियाचा असा काही दर्प सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅस गळतोय का विचारायला आल्या. मी उत्साहाच्या भरात माळ्यावरचं आजीचं तांब्याचं घंगाळं काढायला निघालो होतो. सौभाग्यवतींनी अडवलं, कारण अमोनिया तांब्याला खातो हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. म्हणून ते प्लॅस्टिकच्या टबात झालं. अण्णा त्या दिवशी खोलीतून बाहेर आले नाहीत.

पुढच्या वर्षी हमरापूरच्या त्याच कारखान्यातून, दिवाळीत सांगून ठेवलेली, नऊ इंचांची शाडूची मूर्ती आली. किंमत मागितली तेवढी दिली. आणि विसर्जनाला घंगाळं निघालं. सौभाग्यवतींनी ते चिंचेने घासून असं लखलखीत केलं होतं की अण्णा पाहतच राहिले. याच घंगाळ्यात त्यांच्या आईने त्यांना दिवाळीची न्हाणी घातलेली. त्यात पाणी भरलं, फुलं सोडली. बाल्कनीपर्यंतची मिरवणूक, एकूण पावलं अठरा. नातीने झांजा वाजवल्या. घाटाच्या पायऱ्या उतरणं बंद झाल्यापासून अण्णांना विसर्जन स्वतःच्या हाताने करता आलं नव्हतं. त्या दिवशी खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी मूर्ती तीनदा पाण्यात बुडवली आणि चौथ्यांदा सोडली. नंतर बराच वेळ हात पाण्यातच होते.

मग त्यांना पाटाची आठवण झाली. मी म्हटलं, माती व्हायला रात्र जाईल, अण्णा. पाण्यात बाप्पाचे खांदे नुकते ढासळू लागले होते. पाट रिकामा, वाटली डाळ झाकून ठेवलेली, नात भुकेली. आता काय करायचं हे कुठल्याच पोथीत नव्हतं. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि पाण्यात हात घालून तळाशी बसलेला चिमूटभर गाळ बोटाने उचलला. करडा, मऊ, लोण्यासारखा. तो त्यांनी स्वतः पाटाच्या मधोमध लावला.

"बाकीची उद्या घेऊ," म्हणाले. "डाळ आणा."